मीठ कोणाचं

"आमच्या कंपनीतून पाण्याचा एक थेंब बाहेर जात नाही." हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता ते आठवलं तरी तोंड कडू होतं. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांना ऐकवलं, परदेशातून आलेल्या पाहुण्यांना ऐकवलं, आमच्या भांडगावात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनाही ऐकवलं. आणि एका दिवाळीत, आमच्या ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकणाऱ्या माझ्या मामांना ऐकवलं. वाक्य खरं होतं, आजही खरं आहे. खोटं असतं तर निदान मला स्वतःवर राग काढता आला असता.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. शिरूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला त्यांची वाडी आहे. माझं आजोळ पूर्वी मेंढरांमागे फिरणारं. आता सगळे शेतीला चिकटले, कुणी टेम्पो घेतला, कुणाची पोरं शिफ्टला जातात. मामांनी मात्र मेंढरं सोडली नाहीत. गुडघे गेल्यापासून मेंढरं घेऊन कोकणात उतरणं बंद झालं, तेव्हा ऊस तुटला की ते दौंडच्या बाजूला यायचे आणि मोकळ्या रानांत मेंढरं बसवायचे. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना पाचट, पाला, बांधावरचं गवत मिळतं. फक्त कुरकुंभच्या अंगाला ते कितीतरी वर्षं फिरकले नव्हते.

"त्या ओढ्याला मेंढरू तोंड लावत न्हाई," ते म्हणाले. "वास घेतं आन् मागं सरतं. जनावराला कळतं."

"ते जुनं झालं, मामा. आता आमच्यातून थेंब बाहेर येत न्हाई. बिनघोर या."

"तू तिथंच हायस न्हवं? मग झालं," असं म्हणून त्यांनी बशी पालथी घातली. मी कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्यात पर्यावरण विभागात आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. वाडीवर ते मला पाण्याची डाक्तरीण म्हणायचे आणि मीही ते ऐकून सुखावायचे.

थेंब बाहेर जात नाही म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. पूर्वी सांडपाणी साफ करून पुढे ओढ्यात सोडत. मग परवान्यात अट आली की बाहेर काहीच सोडायचं नाही. त्यासाठी आम्ही मोठी बंद भांडी बसवली. त्यांत सांडपाणी उकळायचं, वाफ थंड करून ते पाणी परत वापरायचं आणि तळाला उरेल ते सुकवून खरवडून काढायचं. तळाला उरतं मीठ. म्हणजे आम्ही त्याला मीठ म्हणतो. कारखान्यात जे जे वापरलं जातं त्या सगळ्याचा थोडाथोडा अंश त्यात असतो. भांडी तापवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला कोळसा, म्हणून धुराडं जास्त ओकायला लागलं. धूर धुवायला पाण्याचे फवारे बसवले, तर ते पाणी पुन्हा त्याच भांड्यांत उकळायला आलं. ओढा स्वच्छ झाला यात शंका नाही. पण घाण संपली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती, आणि हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

आमच्याकडे परवान्याचा कागद एकच येतो. पाणी, हवा, घातक कचरा, तिन्ही त्यात असतं. मात्र एकत्र कागद आला म्हणून तो कुणी एकत्र वाचतो असं नाही. पाण्याचं पान मी वाचायचे, धुराचं पान बॉयलरवाले आणि कचऱ्याचं पान स्टोअरवाले. बाहेरून येणाऱ्यांचंही तेच. पाण्याची तपासणी करणारा बाटली भरून निघून जायचा, धुराचा माणूस धुराड्याकडे मान वर करून उभा राहायचा. मिठाच्या ढिगाजवळ उभं राहून वर धुराड्याकडे आणि खाली ओढ्याकडे एकाच वेळी बघणारा माणूस मी कधी पाहिला नाही.

आमची मूळ कंपनी युरोपातली. तिचे तिथे तीन देशांत कारखाने आहेत. त्यांची सकाळ आणि आमची दुपार जुळली की पडद्यावर मीटिंग व्हायची. आम्ही डबा खाऊन डोळे ताणत बसायचो, ते कॉफीचे मग घेऊन ताजेतवाने यायचे. तिकडे सगळ्या देशांना मिळून एक कायदा आहे. हवा, पाणी, कचरा, माती, आवाज यांचा विचार एकत्र करूनच परवाना द्यायचा, आणि त्या धंद्यात जे उत्तम तंत्र मिळतं त्याच्या हिशेबानं मर्यादा ठरवायच्या. एकीकडची घाण काढून दुसरीकडे ढकलायची नाही, हा त्याचा गाभा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, वा, याला म्हणतात अक्कल.

हळूहळू त्यांची तोंडं उघडली. उत्तरेकडच्या कारखान्यातली एक बाई होती, बोलायची थोडं, पण स्पष्ट. तिच्या देशात एकच कार्यालय सगळं पाहतं, तरी तिथल्या पाण्याच्या टेबलावरचा माणूस हवेच्या टेबलाला विचारल्याशिवाय सही करतो. दुसऱ्या देशातला एक टकलू गृहस्थ कायम वैतागलेला असायचा. त्याच्याकडे पाण्याचा परवाना एका दारात, बाकीचा दुसऱ्या दारात, आणि दोन्ही दारांचं आपसात जमत नाही. तिसऱ्यांकडे प्रत्येक जिल्ह्याची रीत निराळी. नवं तंत्र कागदावर येतं, जुने परवाने त्याप्रमाणे बदलायला घेतात, ते बदलून होईपर्यंत तंत्रही जुनं होतं. एकाच मर्यादेचा आकडा एक देश कडक धरतो, दुसरा ढिला. "कायदा एक आहे, पण त्याच्यामागे बसलेली माणसं एक नाहीत," असं ती बाई म्हणाली तेव्हा मला हसू आलं. चला, म्हटलं, आपलेच भाऊबंद आहेत हे. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

मग तिकडून फर्मान निघालं की सगळ्या कारखान्यांनी आपापल्या घाणीचा एकत्र विचार करावा, भारतातल्यानेही. हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी सगळ्या विभागांना एका टेबलाभोवती बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: मीठ कोणाचं?

स्टोअरवाले म्हणाले, "मॅडम, शेड भरलीय. आता काय डोक्यावर ठेवू?"

माल पाठवणारे म्हणाले, "ट्रक आला की मी लोड करतो. ट्रकच नाही तर माझा काय संबंध?" हे मीठ घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीला जायचं असतं आणि आमच्या ठेकेदाराचे ट्रक त्या दिवसांत वेळेवर येत नव्हते.

बॉयलरवाल्यांनी तर हातच जोडले. "आम्ही वाफ देतो. वाफेनं काय करायचं ते तुम्ही बघा."

शेवटी मी आमच्या विभागप्रमुखांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे पाणी आहे. मीठ कोरडं असतं." मला वाटलं हे चेष्टा करतायत, मी हसलेसुद्धा. ते चेष्टा करत नव्हते. विषय पुढच्या मीटिंगला ढकलला आणि सगळे उठले.

शेडमध्ये न मावलेल्या बॅगा शेडच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला टेकून रचल्या होत्या, वर ताडपत्री. बिहारकडचा एक लोडर एकदा मला थांबवून म्हणाला, "मैडम, पीछे वाली पन्नी फट गई है, बोरा भी गल रहा है." मी जाऊन पाहिलं, फोटो काढला, सगळ्यांना मेल केला. सगळ्यांनी मेल पोचल्याचं कळवलं. मी पुन्हा मेल केला, पुन्हा सगळ्यांनी कळवलं. आमच्याकडे मेल पोचण्याची व्यवस्था उत्तम आहे.

ऊस तुटल्यावर मामा आले. औद्योगिक वसाहतीला लागून एका बागायतदाराचं रान होतं. त्याचं फुलांचं आणि तरकारीचं काम. ऊस काढून त्याला तिथे शेवंती लावायची होती, म्हणून त्यानं मेंढरं बसवायला बोलावलं होतं. एका संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर मी मामीसाठी लुगडं घेऊन गेले. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, ती लावून झाली होती. मामी चुलीवर भाकरी थापत होती. मामांनी मला हाताला धरून ओढ्यावर नेलं. मेंढरं पाण्यात पुढचे पाय घालून ओळीनं पीत होती.

"बघ," मामा म्हणाले. "पित्यात की. तू म्हनलीस तवा मला पटलं नव्हतं, पर पित्यात."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाच्या शाबासकीनं तसं वाटलं नव्हतं. मी तिथेच काठावर बसले आणि मामीनं दिलेला गरम भाकरीचा तुकडा आणि ठेचा खाल्ला.

होळीच्या सुमाराला अवकाळी झाला. वादळानं वसाहतीतले पत्रे उडाले, हायवेवर झाडं आडवी झाली आणि शेडमागची फाटकी ताडपत्री पार निघून गेली. भिंतीला खाली पावसाचं पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. त्यांतून मीठ विरघळून बाहेरच्या पडीक जमिनीवर गेलं. मग कडक ऊन पडलं आणि भिंतीबाहेरची माती पांढरी झाली.

मेंढराला मीठ लागतं. माझ्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या एक रीत आहे. नव्या मुक्कामावर गेलं की म्हाताऱ्यानं आसपासची खारी माती शोधायची. पांढरट पापुद्रा दिसला की चिमूटभर जिभेवर ठेवायचा, चव घ्यायची, थुंकायचं. कडवट लागली तर मेंढरं तिकडे फिरकू द्यायची नाहीत. नुसती खारट लागली तर मोकळी सोडायची आणि पोटभर चाटू द्यायची. आबा, म्हणजे माझे आजोबा, हे करायचे. त्यांच्यामागे मामा करत होते. गावातल्या शेतकऱ्यानं त्या भिंतीखालच्या पांढऱ्या मातीकडे पाहून मान फिरवली असती. तिच्यात आनंद फक्त आमच्याच माणसांना दिसू शकत होता. मामांनी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली आणि मामीला हाक मारून म्हणाले, "अगं, हितं तर आपल्या माळासारखी खारी हाय!"

हे सगळं मला मामीनं नंतर सांगितलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी नमुन्याच्या बाटल्या धूत होते आणि मामीचा फोन आला.

"बाय, मेंढरं पडाय लागली. लवकर ये."

गेटमधून बाहेर पडून भिंतीला वळसा घालून मी पळत गेले. रानात मेंढरं आडवी पडलेली होती. काही तोंड उघडून धापा टाकत होती, काही उठायला जायची आणि पुढच्या पायांवर कोसळायची. त्यांच्या जिभा निळ्याकाळ्या पडल्या होत्या. मामा एका थोराड मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या कानात काहीतरी बोलत होते. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही.

दौंडहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली तर रक्त काकवीसारखं तपकिरी आलं. मला दाखवत ते म्हणाले, "हे विषारी क्षारांचं काम दिसतंय. पाणी कुठलं पाजलं?"

मामांनी मान वर केली. "पान्याचं न्हाई, साहेब. पानी चांगलं हाय. ही माजी भाची त्या कंपनीत हाय, तिनंच सांगितलंय."

मी भिंतीकडे बघितलं. प्रत्येक भोकाखाली पांढरे ओघळ वाळून बसले होते आणि खालच्या मातीवर मेंढरांच्या जिभांचे ओले चट्टे उमटले होते. शेडच्या कोणत्या बाजूला मी उभी आहे ते मला नकाशा न बघता कळलं.

"मामा, माती," मी म्हणाले. "मातीत हाय ते."

ते म्हणाले, "मातीत कसं आसंल? मी सोता चाखली."

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मेंढरांतली काही वाचली. निम्म्याहून जास्त गेली. वसाहतीतल्या कुणाचा तरी जेसीबी मागवून खड्डा काढावा लागला. मामांना आम्ही जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, त्यांना काही झालं नव्हतं. तिथल्या बाकावर ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, की चव कडवट नव्हती.

चौकशी झाली. ओढ्याच्या पाण्याचा नमुना मीच घेतला, पाणी सगळ्या मर्यादांत बसलं. धुराड्याचे आकडे बसले. बाहेर सोडलेलं सांडपाणी शून्य, तेही बसलं. भिंतीबाहेरच्या मातीसाठी आमच्या कागदात मर्यादाच नव्हती, त्यामुळे ती मोडल्याचं कुणाला म्हणता येईना. मिठाच्या बॅगांबद्दल स्टोअरनं ट्रककडे बोट केलं, ट्रकवाल्यानं रस्त्याकडे, आणि सगळ्यांनी मिळून आभाळाकडे. विभागप्रमुख माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आपल्या पाण्याचा या घटनेशी संबंध नाही, एवढं लिहा."

मी ते लिहिलं, कारण ते खरं होतं. त्याखाली मिठाचंही सगळं लिहिलं, फोटो आणि मेलसकट. त्यांनी पाण्याचं ठेवलं आणि मिठाचं काढलं. तेव्हा मात्र माझा तोल गेला. आख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "सर, पाण्यानं मेली नाहीत, तर मग ती मेंढरं कशानं मेली? की मातीही कोरडी असते?" ते गोरेमोरे झाले. मला नोटीस आली नाही, उत्तरही आलं नाही. मामांना माणुसकी म्हणून भरपाई दिली गेली. कशाबद्दल, ते त्यात कुठेच नव्हतं.

पडद्यावरच्या मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. उत्तरेकडची बाई मग म्हणाली, त्यांच्या कायद्यात माती आहे. परवाना देतानाच जमीन आधी कशी होती ते लिहून ठेवावं लागतं, म्हणजे पुढे बिघडली तर कळतं. मी विचारलं, सगळे लिहितात? तिनं चष्मा काढून डोळे चोळले. टकलू गृहस्थ म्हणाला, त्याच्याकडे त्या कामावरून दोन्ही दारांचं भांडण अजून चालू आहे. त्यांच्याकडेही धुराड्याच्या गाळणीत अडकलेल्या राखेचा ढीग एका वस्तीशेजारी कितीतरी काळ बेवारस पडला होता, असं तो सांगत होता. या वेळी मला भाऊबंद भेटल्यासारखं वाटलं नाही. एवढे शिकलेले, एवढे श्रीमंत देश, त्यांनी एवढा विचार करून कायदा केला, आणि शेवटी तोही दोन टेबलांमधल्या फटीत जाऊन पडतो, याची मला भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.

आता आमच्याकडे मिठाला पक्की शेड आहे, काँक्रीटची जमीन आहे, भिंतीची भोकं बुजवली आहेत. दारावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव लावलं आहे. मीठ कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर मेंढरं मेल्यावर मिळालं.

परवा मामा आले. एसटीनं शिरूरहून निघून, दोनदा गाडी बदलून, काठी टेकत. उरलेली मेंढरं त्यांनी वाडीवरच ठेवली आहेत, या बाजूला आणणार नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून ओट्यावर ठेवली. आत पांढरट माती होती.

"कुठली ही?"

"आपल्या वाडीवरली. माळाच्या खाल्ल्या अंगाची. आबा चाटवायचे न्हवं का, ती."

"मामा, तिथं कुठं आलीय कंपनी? पाच कोसांत काय न्हाई."

"न्हाई आली. पर तू बघ तेवढं मशीनवर."

मी दुसऱ्या दिवशी पुरचुंडी डब्याच्या पिशवीतून नेली आणि आमच्या प्रयोगशाळेत जे जे बघता येतं ते सगळं बघितलं. साधं मीठ, थोडा चुना, बाकी काही नाही. आबांच्या वेळी होती तशीच असणार. संध्याकाळी घरी आले तेव्हा मामा ओट्यावर वाटच बघत होते.

"चांगली हाय, मामा," मी म्हणाले. "एकदम चांगली. काहीच न्हाई तिच्यात. बिनघोर चाटू द्या."

त्यांनी माझ्या हातातली पुरचुंडी घेतली, उघडून बघितली. पूर्वीची सवय, चिमटी मातीपर्यंत गेलीसुद्धा, मग थांबली.

"तवाबी तू चांगलंच सांगितलं व्हतंस, बाय," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून काही बोलले असते.

मग ते सावकाश उठले, आबांची ती माती आमच्या गटारात झटकली आणि नळाखाली रुमाल आणि हात बराच वेळ धूत राहिले.